सरकारी वृक्षारोपण सर्व्हिस: रोप वेळेवर येतं, पुढचं तुमचं तुम्ही बघा (पाचपैकी अडीच स्टार)

मोबाईल, मिक्सर, गाद्या सगळ्याचे रिव्ह्यू मिळतात, पण जिचे पैसे आपण टॅक्समधून आधीच भरून टाकलेले असतात त्या सर्व्हिसबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही, म्हणून हा रिव्ह्यू सरकारच्या झाडं लावायच्या कारभाराचा. म्हणजे सरकारने स्वतः झाडं लावणं, जमीनवाल्याला लावायला पैसे देणं आणि आधीपासून असलेलं जंगल नीट ठेवणं, हे तिन्ही धरून. कुठल्याही देशात जा, ही सर्व्हिस आहेच, नाव बदलतं पण पोस्टरवरचा फोटो तोच, एक ओंजळ आणि त्यात एक रोप. एकाच देशाला धरून लिहिलं की लगेच पक्ष आणि मंत्री सुरू होतात म्हणून मी बऱ्याच देशांच्या योजना शेजारी शेजारी ठेवून बघितल्या आणि पार्टप्रमाणे स्टार दिलेत. लांब झालंय, आधीच सांगते.

पहिला पार्ट, लावणे. साडेचार स्टार, डोळे झाकून. लावायच्या बाबतीत कुठलंच सरकार कमी पडत नाही. इथिओपियाने २९ जुलै २०१९ ला १२ तासांत ३५ कोटी रोपं लावल्याचं जाहीर केलं, भागाकार करून बघा, सेकंदाला आठ हजारांच्या वर जातं. उत्तर प्रदेशाने ११ जुलै २०१६ ला एका दिवसात ५ कोटींच्या आसपास लावली आणि रेकॉर्ड केलं. महाराष्ट्रात २०१६ च्या १ जुलैला २ कोटींपासून सुरुवात झाली, मग ४ कोटी, मग १३, मग २०१९ ला ३३, असं २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत ५० कोटींचं टार्गेट झालं, आणि नंतर त्यातली जगली किती हे बघायला २०२१ मध्ये आमदारांची समिती नेमावी लागली. आकडा दरवर्षी फुगत जातो ही या सर्व्हिसची खासियत आहे, गेल्या वर्षीपेक्षा कमी लावू पण नीट लावू असं म्हणणारा मंत्री मला अजून कुठल्याच देशात सापडलेला नाही.

आता सगळ्यात बोलकी केस बघा, तुर्कस्तान. ११ नोव्हेंबर २०१९, देशभर १ कोटी १० लाख रोपं एका दिवसात, त्यात चोरुम नावाच्या एका प्रांतात तर एका तासात ३ लाख ३ हजार १५० रोपं लावून जागतिक विक्रम. राष्ट्राध्यक्ष स्वतः फावडं घेऊन हजर. दोन-तीन महिन्यांनी वनकामगारांच्या युनियनने काही ठिकाणं जाऊन बघितली आणि सांगितलं की बघितलेल्यांपैकी ९० टक्क्यांपर्यंत रोपं मेलीत, वेळ चुकीची होती, पाणी मिळालं नाही, लावणाऱ्यांना लावता येत नव्हतं. सरकार म्हणालं छे, ९५ टक्के ठणठणीत आहेत. मला यातलं खरं कोण हे माहीत असायची गरजच वाटत नाही, एकाच मालाबद्दल एक जण ९० मेले म्हणतो आणि दुसरा ९५ जगले म्हणतो तिथेच सर्व्हिस कळली. लावताना तासाला मोजायची सोय होती, जगलेली मोजताना मात्र दोघांची वेगवेगळी वही.

असं का होतं याचं उत्तर फार खोल नाहीये. लावलेलं रोप त्याच दिवशी मोजता येतं, फोटो काढता येतो, त्याच वर्षाच्या बजेटमध्ये खर्च दाखवता येतो. जगलेलं झाड मोजायला तीन उन्हाळे थांबावं लागतं आणि तोवर अधिकारी बदललेला असतो, कधी सरकारही. रोप लावणं हा या सगळ्या कामातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी वेळाचा भाग आहे, पुढे आळं करायचं, गवत काढायचं, गुरं आणि हरणं आत येऊ द्यायची नाहीत, उन्हाळ्याच्या आधी जाळरेषा म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढलेले मोकळे पट्टे काढायचे, मेलेल्यांच्या जागी नांग्या भरायच्या, आणि हे सगळं दुसऱ्या वर्षी परत, तिसऱ्या वर्षी परत. याचे पैसे बऱ्याच योजनांमध्ये एकतर नसतात किंवा दरवर्षी नव्याने मंजूर करून घ्यावे लागतात, आणि नव्याने मंजूर करायचं म्हटलं की नवीन लागवडीलाच आधी मिळतात कारण उद्घाटन खुरपणीचं होत नाही.

तर दुसरा पार्ट, लावल्यानंतरची देखभाल. सगळ्यांची सरासरी काढली तर दीड स्टार, पण दोन अपवाद आहेत आणि दोघांवर जरा थांबते कारण शिकण्यासारखं तिथेच आहे.

एक दक्षिण कोरिया. कोरियन युद्ध संपलं तेव्हा डोंगर अक्षरशः बोडके होते, लोकांनी सरपणासाठी सगळं तोडलेलं. १९७३ ला दहा वर्षांची पहिली योजना आली आणि ती १९७८ लाच पूर्ण झाली, चार वर्षं आधी. आता हे ऐकून वाटेल की हाही आकड्यांचाच खेळ, पण त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पहिली म्हणजे झाडं का तुटतायत हे आधी बघितलं. लोक चूल पेटवायला तोडत होते, मग गावागावात सरपणाची वेगळी जंगलं लावली आणि घराघरात कोळशाच्या वड्या पोचवल्या, म्हणजे तोडायची गरजच कमी केली. दुसरी गोष्ट मला फार आवडली, एका प्रांतातली रोपं जगली की नाही हे तपासायला दुसऱ्या प्रांतातले अधिकारी पाठवायचे. शेजारचा साहेब मोजायला येणार म्हटल्यावर कागदावर झाड उभं करता येत नाही. हुकूमशाही राजवट होती, वनखातं पोलीस ज्याच्या हातात होते त्याच गृहमंत्रालयाखाली आणलेलं होतं, गावकऱ्यांवर जबरदस्ती झाली, ते काही कौतुकाने सांगण्यासारखं नाही. पण क्रॉस चेकिंगला हुकूमशाही लागत नाही हो, ते कुणालाही करता येईल, तरी करत नाहीत. आज त्या देशाचा ६० टक्क्यांच्या वर भाग जंगल आहे.

दुसरा अपवाद इंग्लंड, आणि याला अपवाद म्हणताना मी थोडी हात राखून बोलतेय. २०२१ पासून त्यांची एक ग्रँट चालू आहे, इंग्लंड वुडलँड क्रिएशन ऑफर नावाची, किमान १ हेक्टर जमीन पाहिजे, लागवडीच्या खर्चापोटी हेक्टरी १०,२०० पौंडांपर्यंत देतात. पण खरी चांगली गोष्ट म्हणजे त्यानंतर दरवर्षी देखभालीचे वेगळे पैसे आहेत, आधी १० वर्षं देत होते, मग ते १५ वर्षं केले. म्हणजे कुणीतरी तिथे बसून विचार केलाय की झाड पहिल्या पावसाळ्यात मोठं होत नाही. नदीकाठी लावलंत, लोकांना फिरायला वाट ठेवलीत, पूर अडवायला उपयोग होणार असेल तर वर अजून पैसे. शिवाय वनीकरणाचं स्टँडर्ड असं की एकच जात सगळीकडे लावता येत नाही, पूर्वी एका जातीला ७५ टक्क्यांची मर्यादा होती, २०२३ च्या आवृत्तीत ती ६५ वर आणली. ब्रोशर म्हणून बघितलं तर मी वाचलेल्यांत हेच सगळ्यात सुबक.

मग गाडी अडते कुठे? लोक घेत नाहीत. अख्ख्या युनायटेड किंगडमला मिळून २०२५ पर्यंत वर्षाला ३०,००० हेक्टर नवीन जंगल करायचं ठरलेलं, ते झालं नाही. कारण शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघितलं की कळतं, एकदा शेताचं जंगल झालं की ते परत शेत करणं जवळपास अशक्य, तोडायला लायसन्स लागतं आणि तोडलं तर परत लावायची अट. म्हणजे पैसे मिळणार १५ वर्षं आणि जमीन अडकणार नातवंडांपर्यंत. आता यात सरकारची चूक आहे असंही नाही, उद्या सगळे जण ग्रँट घेऊन पंधरा वर्षांनी करवत चालवायला लागले तर काय उपयोग, पण घेणाऱ्याला भीती वाटणार हे आधीच दिसायला हवं होतं. इंग्लंडमध्ये झाडांखालचं क्षेत्र २०५० पर्यंत १६.५ टक्क्यांवर न्यायचं असं कायद्यातच लिहिलंय, वेळ आहे अजून, बघू.

तिसरा पार्ट, जागा निवडणे. एक स्टार, आणि तोही जड हाताने.

जिथे झाडं नाहीत तिथे झाडं हवीत, हा या सर्व्हिसमधला सगळ्यात जुना आणि सगळ्यात महाग पडलेला समज. स्कॉटलंडच्या उत्तरेला फ्लो कंट्री म्हणून दलदलीचा पट्टा आहे, हजारो वर्षं साचलेलं पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, त्यात कार्बन ठासून भरलेला. १९८० च्या दशकात टॅक्समध्ये सूट मिळते म्हणून पैसेवाल्यांनी तिथे चर खणून पाणी काढलं आणि परदेशी स्प्रूस आणि पाइन लावले, झाडं लावून टॅक्स वाचवा असा तो प्लॅन. १९८८ च्या बजेटमध्ये ती सूट बंद झाली. नंतर काय झालं तर तीच झाडं तोडून, तेच चर बुजवून दलदल परत आणायचं काम सुरू झालं, म्हणजे लावायचाही खर्च आणि उपटायचाही खर्च. आणि २०२४ ला तोच पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, झाडांमुळे नाही, झाडं नसल्यामुळे.

आपल्याकडचं उदाहरण कच्छमधलं बन्नी. आशियातल्या मोठ्या गवताळ प्रदेशांपैकी एक, मालधारी लोक पिढ्यानपिढ्या म्हशी चारतात तिथे. रण पुढे सरकतंय ते थांबवायचं म्हणून १९६१ च्या सुमारास वनखात्याने ३१ हजार हेक्टरवर परदेशी बाभूळ लावली, आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो ती, तिकडे गांडो बावळ म्हणतात. ती इतकी पसरली की बन्नीचा मोठा भाग तिने खाल्ला, गवत गेलं, गुरं तिच्या शेंगा खाऊन बी अजून लांब नेऊन टाकतात. लागवड म्हणून बघितलं तर शंभर टक्के सक्सेस, पाणी नको, राखण नको, एक झाड मरत नाही. रिपोर्ट कार्डवर हिला कुठलं सरकार नापास करेल सांगा.

मूळ घोळ असा की सरकारी नकाशात गवताळ माळरानाला पडीक जमीन म्हणतात. पडीक म्हटलं की रिकामी, रिकामी म्हटलं की खड्डे. माळावर लांडगा असतो, माळढोक असायचा, मेंढपाळ असतात, यातलं काही नकाशावर दिसत नाही. आणि जंगल कशाला म्हणायचं याचीही गंमत आहे, भारतात १ हेक्टर किंवा जास्त जागेवर झाडांचं छत्र १० टक्क्यांच्या वर असलं की ते वनआच्छादन, मग ती आमराई असो, नारळाची बाग असो की बांबू, मालकी कुणाचीही. २०२३ च्या अहवालात वन आणि वृक्ष मिळून २५.१७ टक्के दाखवलंय ते या मोजमापाने. उपग्रहाला वरून हिरवं दिसतं, खाली काय आहे ते त्याला कसं कळणार.

चिलीने तर याचा धडाच घालून दिला. १९७४ च्या एका फर्मानाने लागवडीच्या खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंत भार सरकारने उचलला, हे २०१२ पर्यंत चाललं. पाइन आणि निलगिरीची जंगलं वाढली, लाकडाचा धंदा उभा राहिला, देशात झाडं वाढली. पण मूळचं जंगल कमी झालं असं नंतरच्या अभ्यासात दिसलं, कारण ते तोडून त्या जागी अनुदानाची झाडं लावणं परवडायला लागलं. अनुदान देताना जुनं जंगल तोडून नवीन लावलं तर पैसे नाहीत ही एक अट नीट राबवली असती तर चित्र वेगळं असतं. चीनमध्येही १९७८ पासून उत्तरेकडे वाळवंट अडवायला झाडांची भिंत उभी करणं चालू आहे, २०५० पर्यंत चालायचंय, त्यात सुरुवातीला मैलोन्मैल एकच पॉपलर लावला आणि खोड पोखरणाऱ्या भुंग्याला जेवणाचं ताट वाढून ठेवल्यासारखं झालं, निंग्शियामध्ये कोट्यवधी झाडं गेली. त्यांनी त्यातून शिकून जाती वाढवल्या, पाऊस कमी तिथे झुडपं आणि गवत लावायला लागले, हे खरं, त्याबद्दल अर्धा स्टार परत.

चौथा पार्ट म्हणजे या सर्व्हिसचं फ्री व्हर्जन, ज्याची जाहिरात कुणी करत नाही. न लावता वाढू देणे. चार स्टार.

नायजर, सहाराच्या खालचा देश, जगातल्या गरीब देशांपैकी. तिथे सरकारी लागवडी करून झाल्या, बहुतेक वाळल्या. मग १९८० च्या दशकात टोनी रिनॉडो नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाच्या लक्षात आलं की शेतात जी झुडपं म्हणून दरवर्षी कापली जातात ती झुडपं नाहीतच, तोडलेल्या झाडांचे खुंट आहेत आणि खाली मुळं जिवंत आहेत. दोन-तीन चांगले धुमारे ठेवायचे, बाकीचे छाटायचे, बस. नर्सरी नाही, पिशवी नाही, पाणी नाही. साधारण ५० लाख हेक्टरवर मिळून २० कोटी झाडं अशी उभी राहिली असं मानलं जातं आणि ती शेतकऱ्यांनी केली, शेतकरी शेतकऱ्याचं बघून करत गेला.

पण यात सरकारी धोरणाचा जो भाग आहे तोच लोक सांगायला विसरतात. वसाहतीच्या काळापासूनचा कायदा असा की झाड सरकारचं. तुमच्या शेतात उगवलं तरी सरकारचं, तोडलं तर दंड. मग शेतकरी काय करणार, झाड म्हणण्याइतकं मोठं व्हायच्या आतच उपटून टाकणार. मग त्या कायद्याची अंमलबजावणी ढिली झाली, झाड आपलं आहे असं लोकांना वाटायला लागलं आणि लोक झाडं ठेवायला लागले. म्हणजे सरकारने तिथे सगळ्यात मोठं वृक्षारोपण केलं ते हात काढून घेऊन.

पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वामध्ये २०१४ ते २०१७ जे अब्ज झाडांचं गाजलं त्यातलाही मोठा भाग लावलेला नव्हता, जंगलाच्या कडेची जागा बंद करायची, गावातल्याच माणसांना राखणीचे पैसे द्यायचे आणि बी आपोआप रुजू द्यायचं. आपल्याकडे हिवरे बाजारने वेगळं काय केलं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी, हेच ना. इंग्लंडच्या त्या ग्रँटमध्येसुद्धा नैसर्गिकरीत्या रान येऊ देण्याला पैसे आहेत, जवळ बी देणारी झाडं असली पाहिजेत एवढंच. एक स्टार कापला तो यासाठी की हे सगळीकडे चालत नाही, माती वाहून गेलेली असेल, आजूबाजूला मैलभर बी देणारं झाड नसेल, तण किंवा रानमोडी माजलेली असेल तिथे लावावंच लागतं. आणि बंदी केली तर गुरं चारणाऱ्याने जायचं कुठे हा प्रश्न बंदी करणाऱ्याने सोडवायचा असतो, तो सोडवला नाही की रात्री गुरं आत येतात.

पाचवा पार्ट, असलेलं जंगल सांभाळणे. इथे मला खरंच राग येतो. कारण झाडं लावायच्या प्रत्येक धोरणाच्या नावात शेवटी 'आणि व्यवस्थापन' असं जोडलेलं असतं आणि आत त्याला दोन पानं.

जपानचं बघा. महायुद्धानंतर १९५० आणि ६० च्या दशकात सरकारने डोंगरांवर सुगी म्हणजे जपानी सिडार आणि हिनोकी लावायचा सपाटा लावला, घरं बांधायला लाकूड पाहिजे होतं. लागवड जबरदस्त झाली, आजही त्यांच्या जंगलातला साधारण ४० टक्के भाग लावलेला आहे. जगली पण, म्हणजे माझ्या वरच्या दोन पार्टांत पूर्ण मार्क. मग १९६४ ला परदेशी लाकडाची आयात खुली झाली, हळूहळू स्वस्त लाकूड यायला लागलं, आपलं तोडून विकणं परवडेना, गावातली माणसं शहरात गेली, आणि विरळणी करायला कुणी उरलं नाही. विरळणी म्हणजे दाट लावलेल्यातली काही झाडं ठरावीक वर्षांनी काढायची, म्हणजे उरलेल्यांना उजेड आणि जागा मिळते. ती झाली नाही की सगळी झाडं काटकुळी, एकमेकांना टेकून उभी, खाली अंधार, गवतसुद्धा नाही, माती उघडी, मोठ्या पावसात डोंगर खाली. वर सुगी तिशीला आला की परागकण उडवतो, त्यामुळे वसंतात देशातल्या जवळपास चाळीस टक्के लोकांना त्या परागांची अॅलर्जी. २०२३ ला सरकारने ठरवलं की दहा वर्षांत लावलेल्या सुगीच्या जंगलांचं क्षेत्र २० टक्क्यांनी कमी करायचं, आणि २०२४ पासून प्रत्येक करदात्याकडून वर्षाला १,००० येन जंगलाचा कर म्हणून घेतायत, जास्त करून याच विरळणीसाठी. म्हणजे आजोबांनी लावलं त्याचं बिल नातू भरतोय, आणि लावताना कुणी चूक केली असंही म्हणता येत नाही, फक्त पुढच्या साठ वर्षांत कोण बघणार हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

कोरियातही आता तोच वाद आहे, पाइनची दाट जंगलं, २०२५ च्या मार्चमध्ये त्यांच्या इतिहासातला सगळ्यात मोठा वणवा लागला. पाइन काढून रुंद पानांची झाडं येऊ द्यायची की विरळणी वाढवायची यावर तिकडे तज्ज्ञ भांडतायत. अमेरिकेने वणवा दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझवायचा असा नियमच केला होता १९३५ ला, दशकानुदशकं विझवत राहिले आणि खाली पालापाचोळा, वाळकं लाकूड साठत गेलं, आता तिथे मुद्दाम छोट्या आगी लावून ते कमी करायची वेळ आलीय. जंगलाला हात लावायचा नाही म्हणजे जंगल राखलं, असं सगळीकडे होत नाही.

सामान्य माणसाला हे पटवणं अवघड आहे ते मला मान्य. झाड तोडणं वाईट हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. इंग्लंडमध्ये अजून साधारण ४० टक्के जंगलाचं काही व्यवस्थापनच होत नाही, शेकडो वर्षं ज्या रानांत लोक झाडं बुंध्याशी कापून धुमारे वाढवायचे आणि काही वर्षांनी परत कापायचे ती रानं आता दाट आणि अंधारी झालीत, उजेडात फुलणारी रानफुलं आणि फुलपाखरं तिथून गेली. हरणांना खाणारा प्राणी उरलेला नाही म्हणून नवीन कोंब वर येत नाहीत, आणि अमेरिकेतून आणलेली करडी खार झाडांची साल सोलून टाकते. सरकारची त्यासाठी पण ग्रँट आहे, पण तिच्या उद्घाटनाला कोण येतंय.

तोडायच्या परवानगीबद्दल दोन शब्द कारण ग्राहकाला सगळ्यात जास्त त्रास तिथे होतो. इंग्लंडमध्ये तीन महिन्यांत ५ घनमीटरपर्यंत लाकूड स्वतःच्या वापराला बिना लायसन्स तोडता येतं, त्याच्या वर लायसन्स, ते फुकट मिळतं. नियम कळतो तरी. भारतात २०१७ पर्यंत कायद्याने बांबू हे झाड होतं, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही बऱ्याच ठिकाणी वाहतूक पास लागायचा, मग कोण कशाला लावेल. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू विकायचा पास ग्रामसभेच्या हातात यायला २०११ उजाडलं, केंद्रीय मंत्र्याला स्वतः गावात यावं लागलं. ज्यांनी जंगल राखलं त्यांना त्यातलं विकायला दोन वर्षं भांडावं लागत असेल तर या पार्टला दोनच्या वर स्टार देणार नाही. दिले ते दोन पण गावाला दिले, खात्याला नाही.

पैशाची तक्रार मात्र कुणी करू नये. भारतात जंगल तोडून प्रकल्प करणाऱ्यांकडून भरपाई घेतात, त्या कॅम्पा निधीतले ४७ हजार कोटींच्या वर रुपये २०१९ ला राज्यांना एकदम दिले गेले. जुनं साल-सागाचं जंगल गेलं आणि त्याच्या बदल्यात भलत्याच जिल्ह्यात रोपवन आलं तर हिशोब जुळतो, जंगल जुळत नाही, तो वेगळा विषय आहे, त्याच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

हां, एक राहिलंच, त्या प्लास्टिकच्या नळ्या. रोपाला ससे आणि हरणं खाऊ नयेत म्हणून भोवती जी उभी नळी लावतात ती. काम चांगलं करतात, आत ऊब राहते, रोप झपकन वर येतं. कंपन्या सांगतात उन्हाने आपोआप मोडतात. मोडतात म्हणजे तुकडे होतात आणि ते मातीत पडून राहतात, आणि ज्या मोडत नाहीत त्या खोडाला आवळतात. लावायचा खर्च ग्रँटमध्ये धरलेला असतो, पाच-सात वर्षांनी काढून गोळा करायला कुणी येत नाही. आता मका, लोकर, पुठ्ठा अशा पर्यायांच्या चाचण्या चालू आहेत, काही भिजून लवकर पडतात. त्यापेक्षा अख्ख्या प्लॉटला एक कुंपण घालावं आणि हरणं आवरावीत, मोठ्या जागेला तेच स्वस्त पडतं. नळीला एक स्टार.